हौशी की पगारी

डिसेंबर लागला की माझा उजवा खांदा दुखायला लागतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं. बायको म्हणते, खिडकीखाली झोपू नका. मी दोघांचंही ऐकून घेतो. सकाळी अंगणात ऊन खात बसावं, शेजारच्या बांधकामावरच्या माणसानं मुरुमाच्या ढिगावर पाणी मारावं, त्या ओल्या मुरुमाचा वास यावा आणि खांद्यातली कळ थेट एका जुन्या हिवाळ्यापर्यंत जावी, असं दरवर्षी होतं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. अमरावतीच्या कॉलेजात शिकत होतो, आणि माझ्याइतकं टेनिस खेळणारं दुसरं पोरगं वऱ्हाडात नव्हतं. ही बढाई नाही. खेळणारेच इतके थोडे होते की त्यांच्यात पहिलं असण्याला फारशी किंमत नव्हती.

माझे वडील बडनेऱ्याच्या यार्डात पॉइंट्समन होते. येणाऱ्या गाडीला कुठला रूळ द्यायचा ते वरून ठरायचं, आणि खटका ओढायचा बाबांनी. आमच्या क्वार्टरच्या मागे तारेच्या कुंपणापलीकडे रेल्वेच्या साहेबलोकांसाठी केलेलं टेनिसचं एक कोर्ट होतं. स्वातंत्र्यानंतर साहेब एकेक करून निघून गेले. परेरा नावाचे एक गार्ड तेवढे राहिले. पांढरी अर्धी चड्डी घालून ते संध्याकाळी कोर्टावर यायचे, सर्व्हिस मारायचे, आणि पलीकडे कुणीच नसल्यामुळे स्वतःच जाऊन चेंडू गोळा करून आणायचे. एके दिवशी त्यांनी कुंपणाशी उभ्या असलेल्या मला बोटानं खुणावलं आणि एक रॅकेट हातात देऊन पलीकडे उभं केलं. त्यांना एक भिंत हवी होती. मी ती झालो. पुढे ती भिंत उलटे फटके मारू लागली. मी त्यांना पहिल्यांदा हरवलं त्या दिवशी ते नेटवरून वाकून मला मिठी मारून रडले, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलीकडे परदेशी निघून गेले. कोर्ट उरलं, मी उरलो. पलीकडे कुणीच उरलं नाही.

बाबा त्या कुंपणाच्या आत कधी आले नाहीत. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं उचलले. गावाकडे वाट्याला येणारी पिढीजात कामं तर आजोबांनीच सोडली होती. माझ्या शिक्षणाविषयी ते फार बोलायचे नाहीत, पण मी पुस्तक घेऊन बसलो की कंदिलाची काच धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवायचे. मी कॉलेजात गेलो तेव्हा यार्डातल्या सगळ्यांना त्यांनी चहा पाजला. मला वाटतं, त्यांच्या हिशेबात मी तेव्हाच अर्धा साहेब झालो होतो.

बडनेरा ते अमरावती शटल धावायची. एवढंसं अंतर. गाडी तिकडे जायची, तशीच इकडे यायची, इंजिनाला तोंड फिरवायचीसुद्धा गरज नसायची. त्या हिवाळ्यात मला त्या गाडीत बसलं की गुदमरायला व्हायचं. खिडकीबाहेर पऱ्हाटी उललेली असायची, काळ्या जमिनीवर पांढरं पसरलेलं असायचं, बाया ओटीत कापूस भरत ओळीनं पुढे सरकत असायच्या. आणि डब्यात बसून मी एकच विचार उलटासुलटा करत असायचो.

झालं असं होतं. दिवाळीनंतर अमरावतीला कॉलेजांच्या स्पर्धा झाल्या आणि मी जिंकलो. आमचे खेळाचे सर होते देशमुख सर. मूळचे हॉकीवाले, टेनिस त्यांना पुस्तकातून माहीत. पण माणूस दिलदार. त्यांनी मला कॉलेजची चांगली रॅकेट कपाटातून काढून दिली होती, वर्ष संपलं की परत करायच्या बोलीवर. स्पर्धा संपल्यावर ते मला म्हणाले, "आता फेब्रुवारीत नागपूर. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर कॉलेजचं नाव होईल." मी विचारलं, "आणि त्यानंतर, सर?" ते म्हणाले, "त्यानंतर बी.ए. होशील."

"म्हणजे टेनिस?"

सर म्हणाले, "टेनिस काय, हौसेनं खेळायचं रे. नोकरी लागली, क्लबात मेंबर झालं की."

त्याच मैदानावर अकोल्याचे एक शेठजी खेळ पाहायला आले होते. त्यांची कापसाची जिनिंग होती आणि अकोल्याच्या क्लबाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, खांद्यावर थाप मारली आणि विचारलं, "आमच्या क्लबात मार्कर म्हणून येता का?"

मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी खेळाडू. कोर्टाची देखरेख करायची, रॅकेटी सांभाळायच्या, आणि ज्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं, त्याला शिकवायचं. पगार बाबांच्या पगाराच्या आसपास. कोर्टाला लागून खोली. "आमचा जुना मार्कर थकला," शेठजी म्हणाले. "आणि माझ्या किशोरला तयार करायचं आहे. तुम्ही सकाळ-संध्याकाळ खेळाल. आणखी काय पाहिजे?"

खरंच, आणखी काय पाहिजे होतं? रोज टेनिस, आणि त्याचेच पैसे! मी धावत देशमुख सरांकडे गेलो. त्यांचा चेहरा उतरला.

"पगार घेतलास की तू व्यावसायिक झालास," ते म्हणाले. "मग कुठल्याही स्पर्धेत तुला उतरता येणार नाही. कॉलेजच्या नाही, विद्यापीठाच्या नाही, कुठल्याच नाही. स्पर्धा हौशी लोकांसाठी असतात. एक महिना जरी पगार घेतलास, तरी जन्मभर शिक्का."

"आणि सोडली नोकरी तर?"

"तरी शिक्का."

म्हणजे जिंकायचं असेल तर पैसे घ्यायचे नाहीत, आणि पैसे घेतले तर जिंकायला कुठे जागाच नाही. कॉलेजात राहिलो तर परीक्षेबरोबर टेनिस संपणार, कारण बाबा पुढच्या वर्षी रिटायर होणार होते. क्वार्टर सुटणार आणि क्वार्टरमागचं कोर्टही. अकोल्याला गेलो तर टेनिस जन्मभर, पण हिशेबात न धरलेलं. मी ज्या ज्या दाराकडे वळत होतो ते ते आतून बंद होतं, आणि दोन्ही दारांतून उजेड मात्र दिसत होता.

घरी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढे भाकरी थापत होती. बाबा ड्यूटीवरून येऊन पाय धूत होते.

"हौशी म्हंजे काय?" बाबांनी विचारलं.

"जे पैसे न घेता खेळतात ते. हौस म्हणून."

"हौस?" बाबा हसले. "आपल्याले हौस कोनं देल्ली? आन तो दुसरा?"

"पगारी."

"पगारी म्हंजे नोकर. चेंडू कोन उचलते?"

मी ताटं मांडायला घेतली. मार्करनंही उचलायचे असतात, हे त्यांना कळलंच होतं.

"आमी लोकायचं पडेल उचलनं सोडून देल्लं," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तू बी.ए. होऊन उचलशीन का?"

माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "कष्टाचेच पैसे नं ते? काई चोरी तं नाई करून रायला तो. तुमी रात-रात थंडीपावसात खटके ओढता, ते काय कमी हाय?" मग माझ्याकडे वळून, "आन ते कालेजातलं खेयून काय भेटते तुले?"

"कप मिळतो."

"त्या कपात च्या तरी पेता येते का?"

बाबा आणि माय दोघंही हसले. मीही हसलो.  पण दोघांचंही म्हणणं खरं होतं, हीच अडचण होती. एक जण जरी चुकत असता, तरी मी दुसऱ्याचं ऐकून मोकळा झालो असतो.

बाबांनी शेवटी एवढंच म्हटलं, "जाऊन पाय. मंग सांग."

नाताळच्या सुट्टीत मी अकोल्याला गेलो. शेठजींना निरोप पाठवला होता की सुट्टीपुरता येतो, पगार घेणार नाही, पाहुणा म्हणून खेळतो. जेवायला मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात आत्याच्या घरी जायचो. अकोल्याचा तो हिवाळा म्हणजे कापसाचा. रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांच्या रांगा, बैलांच्या घंटा, जिनिंगची दिवसभर चाललेली घरघर. हवेत तंतू उडत असायचे. सकाळी कोर्टावर गेलो तर नेटवर पांढरा थर बसलेला असायचा, दवात भिजलेला, जणू कुणी नेट पिंजून ठेवलं आहे. तो झटकायचं पहिलं काम गफूरभाईंचं.

गफूरभाई म्हणजे तो थकलेला मार्कर. उंच, वाकलेले, डोक्यावर पांढरी टोपी, दोन्ही गुडघ्यांना गरम कापडाच्या पट्ट्या. इंग्रजांच्या काळापासून तिथे होते. कलेक्टर, कमिशनर, सिव्हिल सर्जन अशा कितीतरी साहेबांशी खेळलेले. मला वाटलं होतं, आपली जागा घ्यायला आलेल्या पोराचा ते राग करतील. पण त्यांनी मला पाहताच खोलीची किल्ली दाखवली.

"देख ले बेटा. पाऊस में एक कोना टपकता है, बाकी ठीक है," ते म्हणाले. "तू आ गया तो मेरे घुटने छूटेंगे. शेठने बोला है, नया आदमी आया के तुझे बैठे-बैठे खाने को देंगे."

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या किशोरशी मॅच ठेवली. मुलगा माझ्याच वयाचा, मुंबईहून आणलेली रॅकेट, पांढरेशुभ्र बूट, स्वभावानं गरीब. क्लबातले पाचसहा मेंबर खुर्च्या टाकून बसले. मी त्याला एकही गेम दिला नाही. शेवटचा चेंडू रेषेवर पडला, चुन्याची फक्की उडाली, आणि मी पाहिलं तर कुणी टाळी वाजवली नव्हती. किशोर मात्र धावत नेटपाशी आला आणि हात मिळवून म्हणाला, "वा! मला हा फटका शिकवाल?"

शेठजींनी मला बाजूला घेतलं. "सुंदर. फार सुंदर," ते म्हणाले. "पण उद्यापासून जरा बेतानं. मुलाचा हुरूप राहिला पाहिजे ना? आणि मेंबर लोक इथे दिवसभराचा शीण घालवायला येतात." मग सहज विचारावं तसं त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या बाकावर गफूरभाईंच्या कपाशेजारी आणखी एक कान तुटलेला कप ठेवलेला होता.

बेतानं खेळायचं म्हणजे काय, ते मी चार दिवसांत शिकलो. हातात कला होती, ती उलटी चालवायची. समोरच्याला पोहोचता येईल, पण धावावं लागेल, असा चेंडू द्यायचा. तीन वेळा परतवायचा, चौथा नेटमध्ये घालायचा, आणि घालताना तोंडातून "अरेरे" निघालं पाहिजे. वकीलसाहेबांना उजव्या हाताला उंच चेंडू आवडायचा. डॉक्टरांना नेटजवळ आपण फार चपळ आहोत असं वाटायचं. मला हे सगळं इतकं सहज जमू लागलं की मलाच भीती वाटली. खेळून झाल्यावर घाम पुसत ते म्हणायचे, "आज तुम्हाला चांगलंच दमवलं!" मी हसायचो. त्या हसण्यानं गाल दुखायचे. पूल ओलांडून आत्याकडे जाताना खाली मोर्णेचं थोडंसं पाणी दगडांमध्ये अडकलेलं दिसायचं, आणि मी कठड्याला टेकून उगाच उभा राहायचो. आत्या विचारायची, "काहून रे, तोंड उतरलं?" मी म्हणायचो, "थकलो." "खेयून कोनी थकते काय?" ती म्हणायची.

एका दुपारी क्लबात कुणी नव्हतं. मी गफूरभाईंना म्हणालो, "माझ्याशी खेळा. खरंखुरं."

"आदत नहीं रही," ते म्हणाले.

"एक सेट."

त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. गुडघ्यांच्या पट्ट्या घट्ट केल्या. मग जे झालं ते मी विसरलेलो नाही. ते धावत नव्हतेच. मी कुठे मारणार हे त्यांना आधीच कळायचं आणि ते तिथे उभे असायचे. चेंडू त्यांच्या रॅकेटवरून सुटायचा तो जमिनीलगत, सापासारखा. आयुष्यात पहिल्यांदा पलीकडे कुणीतरी होतं! मी ओरडत होतो, घसरत होतो, हसत होतो. ते पुढे गेले. त्यांना सेट जिंकायला एक गेम उरला, मग त्या गेममधला एक पॉइंट उरला. मी जिवाच्या आकांतानं कसाबसा चेंडू परत टाकला. अगदी हळू, मधोमध. लहान पोरानंही मारला असता. गफूरभाई पुढे आले, रॅकेट वर गेली, आणि त्यांनी तो अलगद माझ्या उजव्या हातावर ठेवला. वकीलसाहेबांना देत तसा. उंच.

मी मारला नाही. चेंडू माझ्याजवळून टप्पे खात कुंपणाला जाऊन लागला.

"काहून?" मी विचारलं. "गफूरभाई, काहून दिला?"

ते आपल्या हाताकडे बघत होते. "मैंने नहीं दिया," ते म्हणाले. "छूट गया. मारनेच वाला था मैं."

आम्ही पुढे खेळलो नाही. त्यांनी टोपी घातली आणि पाण्याची झारी घेऊन कोर्ट भिजवायला लागले. ओल्या मुरुमाचा वास आला. मी कुंपणाला पाठ लावून बसलो. तारेची नक्षी पाठीवर रुतत होती, पण उठावंसं वाटत नव्हतं. माझाही हात एक दिवस असाच होणार होता. चार दिवसांत तो अर्धा झालाच होता.

सुट्टी संपली तेव्हा मी शेठजींना "जमणार नाही" म्हणालो.

"काय कमी पडलं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच न समजून.

"काहीच नाही," मी म्हणालो. त्यांना काय सांगणार होतो? गफूरभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी खोलीची किल्ली कनवटीला परत खोचली. "ठीक है," ते म्हणाले. "पढ़." त्यांच्या गुडघ्यांकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

बडनेऱ्याला बाबांनी काही विचारलं नाही. मी "नाही म्हणून आलो" म्हणताच ते फक्त मान हलवून ड्यूटीवर गेले. मला वाटलं होतं, निर्णय झाला की छातीवरचा दगड उतरेल. तो फक्त दुसऱ्या बाजूला सरकला. आता कोर्टावर गेलो की दिवस संपत आल्याचं जाणवायचं. मी भिंतीवर चेंडू मारायचो. भिंतही बेतानंच खेळते.

फेब्रुवारीत नागपूरला मी हरलो. जबलपूरकडून शिकायला आलेला एक मुलगा होता. लहानपणापासून चांगल्या कोर्टावर, चांगल्या गुरूकडे शिकलेला. त्यानं मला धुऊन काढलं. एकही चेंडू त्यानं मला दिला नाही आणि मीही त्याला दिला नाही. देशमुख सर बाजूला डोकं धरून बसले होते. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटत होतं, आणि त्याचं कारण सरांना सांगता येत नव्हतं. सगळी ताकद लावून हरण्यात केवढी मोकळीक असते! ती मोकळीक दीड तास टिकली. मग परतीची गाडी, मग परीक्षा, मग कॉलेजची रॅकेट कपाटात परत. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. मला अकोटच्या शाळेत इतिहास शिकवायची नोकरी लागली. अकोटला जिनिंग होत्या, बाजार होता, एसटी होती. टेनिसचं कोर्ट नव्हतं. बाबा सुट्टीत अकोटला यायचे तेव्हा शाळेच्या फाटकात उभे राहून मला "सर" म्हणणाऱ्या पोरांकडे बघत राहायचे. त्यांच्या त्या चेहऱ्यासाठी मी पुन्हा तेच निवडलं असतं. पण डिसेंबरात हात उगाच वर जायचा, सर्व्हिस मारल्यासारखा, फळ्यासमोर. पोरं बघायची. मी खडूनं एखादं साल लिहून टाकायचो.

साठचं दशक संपत आलं होतं. शाळेत एका दुपारी पेपर चाळताना आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसली. विलायतेतल्या मोठ्या टेनिस स्पर्धा आता सगळ्यांना खुल्या झाल्या होत्या. हौशी आणि व्यावसायिक हा भेद काढून टाकला होता. कुठेतरी बैठक झाली, लोकांनी हात वर केले आणि ठराव झाला. मी त्या चार ओळी परत परत वाचल्या. ज्या भिंतीला डोकं आपटून मी एक अख्खा हिवाळा काढला, ती दगडामातीची नव्हतीच. ती काही माणसांनी म्हटलेली गोष्ट होती, आणि माणसांनीच ती परत घेतली.

रविवारी मी एसटीनं अकोल्याला गेलो. गफूरभाई क्लबात नव्हते. गुडघ्यांनी अगदीच नाही म्हटल्यावर त्यांना काढलं होतं, आणि कोर्टावर मेंबरांच्या मोटारी उभ्या राहत होत्या. किशोर जिनिंग सांभाळायला लागला होता. विचारत विचारत जुन्या शहरातल्या एका गल्लीत पोहोचलो. गफूरभाई दारात बाजेवर बसून ऊन खात होते. ओळखायला त्यांना वेळ लागला. मग "अरे, बडनेरावाला!" म्हणून त्यांनी मला शेजारी बसवलं. मी त्यांना बातमी सांगितली.

"किसने बदला?" त्यांनी विचारलं.

"विलायतेत. बैठकीत लोकांनी हात वर केले."

"बस? हाथ उठाया और हो गया?"

"हो."

 समोरून एक ओळखीचा माणूस सायकल ढकलत चालला होता. त्याला थांबवून ते म्हणाले, "सुना क्या? अब मैं भी टूर्नामेंट खेल सकता हूँ." त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, गफूरभाईंच्या पायांकडे पाहिलं, "अच्छा अच्छा" म्हणाला आणि पुढे गेला. आतून त्यांची बायको म्हणाली, "उठ के पानी तो लिया नहीं जाता, टूर्नामेंट खेलेंगे!"

मला हसू आलं. गफूरभाई हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. चेहरा असा, की कोर्टावर मी तो एकदाच पाहिला होता, त्या दुपारी.

"वहाँ कोर्ट कैसा रहता है?" त्यांनी विचारलं. "मुरूम का?"

"नाही. गवताचं."

"घास." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि काळजीत पडले. "घास पे तो मैं कभी खेला नहीं," ते म्हणाले. "सीखना पड़ेगा."